मेंब्रेन गेलंय म्हणे!

मागच्या मे महिन्यात आमच्या आरओची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या मशीनची, टाकी भरायला अख्खी दुपार लागायला लागली, म्हणजे सकाळी डबे आणि बाटल्या भरल्या की टाकी रिकामी आणि परत पाणी मिळेपर्यंत जेवणं उरकलेली, म्हणून सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने मशीनचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "मेंब्रेन गेलंय सर, 2800 होतील." मेंब्रेन म्हणजे मशीनमधला क्षार अडवणारा पडदा. मी म्हटलं थांबा जरा.

ड्रॉवरमध्ये दोन-अडीचशे रुपयांचा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला किती मिलिग्रॅम ते दाखवणारा, पडून होता. मशीनमध्ये जाणारं पाणी मोजलं, 620. मशीनमधून आलेलं मोजलं, 48. म्हणजे 620 मधले 572 अडवले गेले, 92 टक्के. मेंब्रेन खरंच गेलं असतं तर हा आकडा आलाच नसता. मग बाहेर भिंतीवरच्या भांड्यातली गाळ अडवणारी कँडल काढली, जी बसवताना दुधासारखी पांढरी होती ती आता चॉकलेटी झालेली आणि हाताला अशी बुळबुळीत की घरात कोणी हात लावेना. शे-दीडशेची नवीन कँडल टाकली आणि टाकी तासाभरात भरायला लागली. सर्व्हिसवाला व्हिजिट चार्ज घेऊन गेला, ते ठीकच आहे.

तेव्हापासून मी या मशीनच्या मागेच लागलोय, बायको म्हणते ऑफिसमध्ये एवढं लक्ष दिलं असतंस तर.

तर मशीनच्या आत चालतं काय. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की त्यांना पाणी सुटतं, आणि मनुका पाण्यात टाकला की टम्म फुगतो, ही दोन्ही एकच गोष्ट आहे, पाणी आपणहून क्षार किंवा साखर कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे जातं. याला ऑस्मॉसिस म्हणतात. आरओ म्हणजे याच्या उलट, क्षारवाल्या बाजूने जोर लावून पाणी पलीकडे ढकलायचं आणि क्षार अलीकडेच ठेवायचे. ढोबळ हिशोब असा की दर 100 टीडीएसला साधारण 1 पीएसआय (पीएसआय हे दाबाचं माप) एवढा जोर नुसता बरोबरीला यायलाच लागतो, माझ्या 620 ला सहाएक, समुद्राच्या 35000 ला मात्र साडेतीनशेच्या वर. आता गच्चीवरची टाकी दहा मीटर उंच असेल तेव्हा कुठे 14 पीएसआय प्रेशर मिळतं, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाची टाकी तर डोक्यावर तीन मीटरच असते. म्हणून मशीनमध्ये तो घूं घूं करणारा बूस्टर पंप असतो, तो पाणी साठ-सत्तर पीएसआयवर नेतो.

हे मेंब्रेन म्हणजे चाळणी नव्हे, म्हणजे भोकं पाडलेला कागद असं डोळ्यासमोर आणू नका. नायलॉनच्या जातीचं पॉलिअमाइड नावाचं प्लास्टिक असतं, त्याचा कामाचा थर केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाएवढा, त्यात पाणी विरघळल्यासारखं शिरतं आणि पलीकडे निघतं, क्षारांना मात्र ते जमत नाही. 1960 च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि आपले श्रीनिवास सौरीराजन यांनी सेल्युलोज अ‍ॅसिटेटचं पहिलं व्यवहारात चालेल असं मेंब्रेन बनवलं, पॉलिअमाइडचं नंतर आलं. हे नवं मेंब्रेन कामाला कितीतरी सरस, पण त्याला एक खोड आहे, क्लोरीन अजिबात सोसत नाही.

आणि आपल्या नळाच्या पाण्यात तर क्लोरीन मुद्दाम टाकलेलं असतं. ते अडवायचं काम कार्बन फिल्टरचं. कार्बन थकला की पाण्याच्या धारेत काहीच फरक दिसत नाही, चवीतही लगेच कळत नाही, पण क्लोरीन गुपचूप मेंब्रेनपर्यंत पोचतं आणि ते कुरतडायला लागतं. गंमत म्हणजे असं मेंब्रेन आधीपेक्षा जास्त पाणी द्यायला लागतं आणि आपण खूष होतो की वा, मशीन सुधारलं! टीडीएस मोजला की कळतं काय झालंय. थोडक्यात धार कमी आणि टीडीएस चांगला असेल तर कँडल, पंप, किंवा मेंब्रेनवर क्षार बसलेत का ते बघा, आणि धार जोरात पण टीडीएस चढलेला तर मेंब्रेनचंच आवरत आलंय. मात्र नवीन मेंब्रेन टाकल्याबरोबर टीडीएस जास्त आला तर घाईने शिव्या देऊ नका, बसवताना त्याची रबरी ओ-रिंग दुमडली गेली असेल तर कच्चं पाणी बाजूने घुसतं. तसंच काही मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायचा स्क्रू असतो, तो ढिला असला तरी आकडा वाढतो, म्हणून शक्य तर मेंब्रेनच्या आउटलेटचा पाइप काढून तिथलंच पाणी मोजावं.

थंडीत धार कमी झाली म्हणून मशीन बिघडलं असं नाही. मेंब्रेनवर 75 जीपीडी लिहिलेलं असतं, म्हणजे दिवसाला 75 गॅलन, साधारण 284 लिटर, पण ते 25 अंशाच्या पाण्यासाठी, पाणी एक अंश गार झालं की धार सुमारे तीन टक्क्यांनी घटते. डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे पाणी पंधराच्या आसपास येतं, मग धारेचा हिशोब तुम्हीच करा.

आता वाया जाणारं पाणी. यावर सगळ्यांचा जीव तुटतो आणि तुटायलाच हवा, पण त्याचं एक कामही आहे. चार लिटर आत गेले, एक प्यायला मिळालं, तीन बाहेर गेले, तर क्षार जवळजवळ सगळे त्या तीन लिटरमध्ये आले. बोअरचं पाणी 900 असेल आणि प्यायचं 60, तर सोडलेलं साधारण 1180. हे पाणी मेंब्रेनवरचे क्षार धुऊन नेतं. कोणीतरी यूट्यूबवर बघून त्या पाइपातला एफआर, म्हणजे धार आवळणारा फ्लो रिस्ट्रिक्टर, छोटा टाकतो आणि म्हणतो बघा निम्मं पाणी वाचवलं, पण मग उरलेल्या पाण्यात क्षार दाट होतात आणि कॅल्शियम मेंब्रेनवर बसतं, गिझरच्या कॉइलवर बसतं तसंच. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, त्यामुळे इकडे ही चूक महागात पडते. त्यापेक्षा पाइपखाली बादली ठेवा, फरशी पुसायला, बाथरूम धुवायला चालतं. कुंड्यांना मात्र सारखं घालू नका, क्षार मातीत साचतात. आणि मशीन बंद असतानाही त्या पाइपातून टिपटिप चालू असेल तर पाणी बंद करणारा विजेवरचा सोलेनॉइड व्हॉल्व अडकलाय, तो स्वस्तात होतो.

टाकीकडे कोणी बघत नाही हे मला सगळ्यात खटकतं. मशीनने क्लोरीन काढून टाकलं म्हणजे साठवलेल्या पाण्याचा राखणदारच गेला, आता टाकीत एखादा जंतू शिरला तर त्याला विचारणारं कोणी नाही. बोट फिरवून बघा, आतून चिकट लागलं तर तो जंतूंचा थरच. काही महिन्यांनी टाकी रिकामी करून स्वच्छ धुवायलाच हवी. यूव्ही दिवा निळा पेटलेला दिसतो म्हणून निर्धास्त राहू नका, जंतू मारणारे 254 नॅनोमीटरचे किरण डोळ्याला दिसतच नाहीत, दिवा जुना झाला की निळा उजेड राहतो आणि मारा कमी होतो. हजारो तासांनंतर तो बदलायचाच असतो, विझेपर्यंत थांबायचं नाही.

मीटरचंही एक सांगून ठेवतो. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती जाते एवढंच मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, त्याला जंतू, कीटकनाशक, काही कळत नाही. आकडा 30 म्हणजे पाणी शुद्ध, असं नाही. आणि दारावर येणारा माणूस दोन सळ्या पाण्यात घालून पाणी तांबडं-काळं करून दाखवतो ना, "बघा तुम्ही काय पिता", तो शुद्ध बनाव आहे. त्या पाण्यात दिसणारी घाण त्याच्या सळईच्या लोखंडाची असते, वीज सोडली की लोखंड विरघळून गंजासारखं होतं, क्षार कमी असलेल्या पाण्यातून वीजच नीट जात नाही म्हणून त्याच्या आरओचं पाणी मात्र स्वच्छ राहतं.

भारतीय मानक 10500 मध्ये प्यायच्या पाण्याला टीडीएस 500 पर्यंत ठीक धरलाय, दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. माझ्या भावाकडे महापालिकेचं पाणी येतं, मोजलं तर दीडशेसुद्धा नाही, आणि तरी आरओ लावून तीन बादल्या गटारात. त्याला म्हटलं यूव्ही पुरे, तर म्हणतो शेजाऱ्यांकडे आहे ना.

गावाला आठ-दहा दिवस जाऊन आलात तर पहिली टाकी ओतून द्या, पिऊ नका. तसंच रात्रभर बंद असलेल्या मशीनचं पहिलं पाणी मोजलं तर 48 च्या जागी 90 दिसतं. त्याने दचकू नका, प्रेशर नसलं की क्षार हळूहळू मेंब्रेनमधून पलीकडे झिरपतात, पाच मिनिटं चालवलं की आकडा खाली येतो. खरं रीडिंग त्यानंतरचं.

आता मी कँडलच्या भांड्यावर मार्करने तारीख लिहितो, पावसाळ्यात टँकरचं गढूळ पाणी आलं की दोन महिन्यांतच बदलतो. फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर महिन्याला दोन आकडे, आत आणि बाहेर. कालचे 640 आणि 51.