कुटाराच्या ढिगात हात घालण्याआधी

विदर्भात रानटी जनावराची बातमी म्हटली की पहिल्या पानावर वाघ असतो. चंद्रपूरच्या पट्ट्यात त्याला कारणही आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. पण हिशेब मांडायचा तर भारतात दरवर्षी सुमारे ५८ हजार माणसं सापाच्या विषाने मरतात, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचं स्थान दिलं. वाघाने बैल मारला तर पंचनामा होतो. मण्यार चावून माणूस गेला तर ‘रात्री पोटात दुखलं आन् सकाळी गेला’ एवढंच गावात उरतं.

मण्यारीपासूनच सुरुवात करू, कारण विदर्भातला सर्वांत फसवा साप तोच. काळा-निळसर, चकचकीत, अंगावर पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीने. हे पट्टे डोक्याजवळ पुसट असतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. बिनविषारी कवड्या साप तसाच दिसतो, पण त्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात. ही खूण लांबून बघायची, साप हातात धरून नव्हे. मण्यार रात्री फिरते आणि दुसरे साप, पाली, उंदीर खाते. पावसाळ्यात उंदराच्या मागे घरात शिरते आणि खाली अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाच्या कुशीवर, दंडावर, कानामागे चावते. दात इतके बारीक की माणूस जागा होईलच असं नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात कळ येते, घसा दुखतो, मग पापण्या जड होतात. घरचे पित्त समजून सोडा देतात आणि इथेच दोन तास हातचे जातात.

हे विष मज्जातंतूच्या टोकावर काम करतं. स्नायूला ‘हल’ असा निरोप जिथून सुटतो तीच जागा ते मोडून टाकतं. नागाचं विष निरोप घेणारी जागा अडवून बसतं, म्हणून नागदंशात निओस्टिग्मिनचं इंजेक्शन पुष्कळदा पापण्या वर आणतं. मण्यारीत त्याचा फारसा उपयोग होत नाही. एकदा मोडलेलं टोक प्रतिविषानेही लगेच जुळत नाही, ते शरीराला नव्याने बांधावं लागतं आणि त्याला काही दिवस जातात. तेवढे दिवस श्वास यंत्राने चालवला तर माणूस उठून घरी जातो. म्हणून मण्यारीचा रोगी श्वासाची सोय आहे अशा दवाखान्यात गेला पाहिजे, आणि वाटेत अंबू पिशवी, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी, दाबणारा माणूस सोबत हवा. डोळे मिटलेला, निपचित रोगी शुद्धीत असू शकतो. त्याच्या उशाशी ‘आता काही खरं नाही’ म्हणून रडू नये, त्याला सगळं ऐकू येत असतं.

श्वास कमी होतोय का, हे घड्याळाशिवायही कळतं. रोग्याला एका दमात आकडे मोजायला लावा. आधी तीसपर्यंत गेलेला माणूस अर्ध्या तासाने पंधरावर अडखळला तर पुढच्या दवाखान्याचा विचार तिथेच करावा.

घोणशीची गोष्ट उलटी. हिला विदर्भात बरेच जण परड म्हणतात. जाड अंग, त्रिकोणी डोकं, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन रांगा, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा लांब फूत्कार. अजगराचं पिल्लू समजून तिला उचलणारे दरवर्षी निघतात. ती अंडी घालत नाही, पावसाळ्याच्या तोंडाशी वीस-तीस जिवंत पिल्लं देते, आणि वीतभर पिल्लाच्याही दातात विष असतं. हिवाळ्यात ती उन्हाला येऊन धुऱ्यावर पडते. तेव्हाच धानाच्या पेंढ्या उचलल्या जातात, तूर कापली जाते, पऱ्हाट्या उपटल्या जातात. पेंढीला कवेत घेतलं की दंश हातावर.

हिच्या विषाने रक्त गोठण्याची ताकद संपते. दंशाची जागा भराभर सुजते, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी लाल होते आणि मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. याची तपासणी खेड्यातल्या आरोग्य केंद्रातही होते आणि ती फार सोपी आहे: दोन मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग नळी तिरपी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागूनच गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकमध्ये किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचंही रक्त पातळ राहून फसवू शकतं. पहिली तपासणी चांगली आली तरी ती पुन्हा करावी लागते, विष सावकाश पसरतं.

प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं. थोडं थोडं विष टोचून घोड्याच्या रक्तात ते तयार करवून घेतात. सुरुवातीला आठ ते दहा कुप्या शिरेतून देतात. लेकरालाही तेवढ्याच, कारण साप समोरचा लहान बघून विष कमी सोडत नाही. जखमेभोवती टोचण्यात काही हशील नाही. प्रतिविषाची रिअॅक्शन येऊ शकते, म्हणून अॅड्रिनलिन भरलेली सिरिंज शेजारी ठेवूनच ते सुरू करतात. घरी किंवा वाटेत ते देण्याचा प्रश्न येत नाही.

मग घरी काय करायचं? अंगठी, कडं, जोडवी लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत. चावलेला हात-पाय फळीला किंवा सरळ काठीला सैल बांधून हलणार नाही असा ठेवा. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा, गाडी दूर असेल तर मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून निघा. करकचून दोरी बांधली की घोणशीचं विष एकाच जागी मांस कुजवत बसतं, आणि दोरी सोडल्याबरोबर सगळं एकदम अंगात उतरतं. कुणी आधीच बांधली असेल तर ती वाटेत सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोर सोडू द्या. ब्लेडने चीर देणं घोणशीत तर आत्मघातच, ते रक्त थांबणार नाही. कडुनिंबाचा पाला चारून ‘कडू लागते का’ विचारण्याची पद्धत अजून आहे. मण्यारीने गिळण्याचे स्नायू लुळे केले असतील तर तोच पाला श्वासनळीत जातो. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही, त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो.

टाळायचं कसं, हे खरं तर वेळेचं गणित आहे. कृषिपंपाची लाईन रात्रीच्या पाळीत आली की हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री अकराला ओल्या दांडातून चालतो. तीच मण्यारीची, रानडुकराची आणि बिबट्याचीही वेळ. गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि पायापुढे पडणारी बॅटरी एवढ्यावर धोका बराच उतरतो. बॅटरी खांद्यावर लटकवून पाच पावलं पुढे प्रकाश टाकण्यात अर्थ नाही. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड टाका. कुटार, सरपण, पऱ्हाटीची गंजी भिंतीला लावून रचू नका. पेंढी विळ्याने किंवा काठीने पलटून मगच उचला. रात्री खाटेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली चारही बाजूंनी खोचा. तीच मच्छरदाणी मण्यारीला थांबवते.

इच्चू, म्हणजे विंचू. काळा, मोठ्या नांग्यांचा दिसायला भीतिदायक, पण त्याचं विष सौम्य. बारीक नांग्यांचा, जाड शेपटीचा लालसर विंचू जिवावर बेततो. इथे एक उलटं गणित आहे: फक्त जागेवर आग-आग असेल तर बहुधा निभावतं. दुखणं कमी, पण दरदरून घाम, हात-पाय गार, उलट्या असं झालं तर हृदयावर ताण आलेला असतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरतं. कोकणात याच विंचवाने लेकरं जात होती. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी यावर वापरून दाखवली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. गोळी दिल्यावर रोग्याला आडवंच ठेवतात, एकदम उठवलं तर रक्तदाब कोसळतो. विंचू शोधायची एक युक्ती ठाऊक असावी: अतिनील बॅटरी भिंतीच्या भेगांवर फिरवली की विंचू हिरवट चमकतो.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पडायला लागतं आणि अस्वलाची गाठ पडते. बुलडाण्याचं ज्ञानगंगा, मेळघाट आणि पूर्वेकडची मोहाची जंगलं ही त्याची घरं. अस्वलाची नजर अधू, नाक तिखट. तोंड खाली घालून खाताना त्याला माणूस दहा पावलांवर आल्यावर कळतो, आणि घाबरलेलं अस्वल पळण्याऐवजी अंगावर येऊन तोंड-डोकं ओरबाडतं. म्हणून मोह वेचायला उजाडल्यावर, चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत जावं. अंगावर आलंच तर पोटावर पडून दोन्ही हात मानेमागे घट्ट धरायचे.

वाघाच्या बाबतीत मोहाइतकाच तेंदूपत्त्याचा हंगाम नाजूक. वाकून पानं तोडणारी बाई झुडपाआडून चार पायांच्या जनावरासारखी दिसते. दर थोड्या वेळाने उभं राहणं, एकाने फक्त पहारा करणं आणि पहाटे-सांजेला जंगलात नसणं, एवढं पाळता येतं. वाघ समोर दिसला तर पाठ फिरवून पळू नये. त्याच्याकडे तोंड ठेवून, आवाज करत मागे सरकावं.

रानडुकराचा सुळा मांडीला लागतो आणि तिथली मोठी धमनी फाटली तर काही मिनिटांचा खेळ असतो. स्वच्छ कापडाची घडी जखमेवर पूर्ण वजनाने दाबून धरा, बघायला म्हणून उचलू नका.

डुकरासाठी लावलेली तार मात्र डुकराहून वाईट ठरू शकते. बॅटरीवरचं झटका मशीन सेकंदाला साधारण एकदा, अगदी क्षणभराचा धक्का देतं. मधल्या वेळात स्नायू सुटतात आणि जनावर मागे होतं. घरच्या लाईनीचा २३० व्होल्टचा आकडा तारेवर टाकला की प्रवाह थांबतच नाही, हात तारेला आवळला जातो आणि जागलीला निघालेला शेजारचा माणूस त्यात सापडतो. हा गुन्हाही आहे. झटक्याच्या तारेला पांढऱ्या चिंध्या बांधा, तण काढत राहा, नाहीतर गवताला लागून झटका जमिनीत उतरतो. आणि मशीनला जमिनीतली अर्थिंगची सळई ओल्या जागी ठोका. कोरड्या मातीत ती असून नसल्यासारखी, मग डूक्कर तार ढकलून सरळ हरभऱ्यात शिरतं.