रानपिंगळ्याचा खोटा पत्ता

नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळच्या रानात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या अमेरिकी अभ्यासकांना एक रानपिंगळा दिसला. घुबडाच्या कुळातला असून भर उजेडात बसलेला. त्याआधीची खात्रीची नोंद १८८४ची. मधली ११३ वर्षं हा पक्षी म्हणजे संग्रहालयांतली मोजून सात कातडी, एवढंच.

तो इतकी वर्षं सापडला नाही, याचं थोडं श्रेय एका चोराला जातं. रिचर्ड माइनर्ट्सहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी पक्षितज्ज्ञ म्हणून नावाजलेला होता. १९१४ साली गुजरातेत मांडवीला आपण रानपिंगळा मिळवला, असा त्याचा दावा होता. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना तपासला, तेव्हा निघालं भलतंच. जेम्स डेव्हिडसनने १८८०च्या दशकात खानदेशात मिळवलेला पक्षी ब्रिटिश संग्रहालयातून उचलून, नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधलेली! रासमुसेन यांनी मांडवी बाजूला ठेवून जुन्या, खऱ्या जागा गाठल्या आणि पक्षी भेटला.

एवढ्या मोठ्या माणसाला ही गरज का पडावी? ‘मला मिळाला’ म्हणण्याची हौस, दुसरं काय. आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आला आहे आणि जो पक्षी आयुष्यात पहिल्यांदा दिसतो त्याला ‘लायफर’ म्हणतात. लायफरसाठी मुंबईहून रात्रभर गाडी हाकत मेळघाट गाठलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला तयार नसतो. मग खिशातून मोबाइल निघतो आणि ‘कॉल’, म्हणजे त्या पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज, वाजवला जातो.

हा कॉल नेमकं काय करतो? रानपिंगळा आपली हद्द राखून असतो. त्याच्या जातीचा आवाज कानी पडला की त्याच्या लेखी कुणीतरी बांध कोरायला आलेलं असतं. हातातलं काम टाकून तो धावून येतो, उघड्या फांदीवर बसून ओरडतो. फोटो छान मिळतो. तेवढा वेळ शिकार थांबते, ढोलीवरचं लक्ष उडतं आणि शिकारी पक्ष्यांना तो आयता दिसतो. गणनेसाठी संशोधकही कॉल वाजवतात, हे खरं. पण त्यांचा कॉल ठरावीक वेळ वाजतो आणि ते पुढच्या ठिकाणी निघून जातात. पर्यटकांच्या गाड्या हंगामभर त्याच झाडाखाली येत राहतात.

इक्वेडोरमध्ये दोन जातींच्या पक्ष्यांना असे आवाज ऐकवून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. दोन्ही जातींचं ओरडणं वाढलं. त्यांतले रेन पक्षी मात्र बारा दिवसांत सरावले. सरावले म्हणजे बरंच झालं, असं वाटेल. पण उद्या खरा प्रतिस्पर्धी आला आणि त्याच्याकडेही दुर्लक्ष झालं तर?

आपला कायदा या बाबतीत अनेकांना वाटतो त्याहून कडक आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणं येतं, हाकणं येतं, आणि पक्ष्यांच्या घरट्याला किंवा अंड्यांना त्रास देणंही येतं. घरट्यासमोरच्या फांद्या छाटून ‘क्लीन फ्रेम’ मिळवणाऱ्याने हे एकदा वाचावं. उडणाऱ्या रोहितांच्या (फ्लेमिंगोंच्या) फोटोसाठी थव्यात होडी घालायला सांगणाऱ्यानेही.

माइनर्ट्सहागेनच्या खोट्या पत्त्याने घोळ घातला. आता खरा पत्ता जाहीर करणंच जोखमीचं झालं आहे. म्हणून ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर काही संवेदनशील जातींची जागा लोकांना नेमकी दिसत नाही, ४०० चौरस किलोमीटरची चौकट तेवढी दिसते. फोटोच्या मागे मात्र तेच वाळकं झाड ओळखू येतं, आणि माहीतगार वाटाड्याला तेवढं पुरतं.