कुसू-खोबण सांधा

दोन लाकडे, बहुधा काटकोनात, एकमेकांत गुंतवून जोडण्याचा सुतारकामातील एक मूलभूत सांधा. एका लाकडाच्या टोकाला बाजूंनी कापून जी पातळ जीभ राखतात तिला कुसू म्हणतात आणि दुसऱ्या लाकडातील ज्या आयताकृती भोकात ते बसते ती खोबण होय. कुसवाच्या मुळाशी उरलेल्या सपाट कडेला खांदा म्हणतात. दाराची चौकट, खुर्ची, पलंग या सर्वांत हा सांधा असतो. बैलगाडीच्या चाकाचे आरे तुंब्यात (चाकाच्या मधल्या ठोकळ्यात) बसतात तेही याच तत्त्वावर.

हा सांधा धातूच्या हत्यारांहूनही जुना आहे. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात सापडलेल्या नवाश्मयुगीन विहिरींच्या ओक लाकडी बांधणीत तो आढळतो. वृक्षवलयांवरून त्या विहिरींचा काळ इ. स. पू. ५४६९ ते ५०९८ असा ठरला असून ते काम दगडी वाकसांनी (लाकूड तासण्याच्या आडव्या पात्याच्या हत्यारांनी) झालेले आहे. इजिप्तमधील प्राचीन राजा खुफू याच्या नौकेच्या फळ्या सुट्या कुसवांनी (दोन्ही फळ्यांच्या खोबणींत बसणाऱ्या वेगळ्या तुकड्यांनी) व दोरांनी जोडलेल्या आहेत. सांची व भारहुत येथील स्तूपांच्या दगडी कठड्यांत आडव्या पट्ट्या, म्हणजे ‘सूची’, उभ्या खांबांच्या भिंगाकृती खोबणींत बसवल्या आहेत. दगडाला अशा जोडणीची गरज नव्हती, पण पाथरवटांनी लाकडी कठड्याची रीत जशीच्या तशी उचलली.

हाताने सांधा करण्यास पटाशी (लाकूड कोरण्याची सपाट धारेची छिन्नी), मोगरी (लाकडी हातोडा), बारीक दात्यांची करवत, काटकोन आखण्याचा गुण्या, समांतर रेघा ओढणारा दोन काट्यांचा मार्किंग गेज आणि धारदार चाकू एवढी हत्यारे पुरतात. कुसवाची जाडी साधारणपणे लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश धरतात. मात्र नेमके माप पटाशीच्या रुंदीवरून ठरवणे शहाणपणाचे, कारण खोबण त्याच पटाशीने पाडायची असते. ३६ मिमी जाडीच्या लाकडाला १२ मिमी पटाशी सोयीची पडते. गेजचे दोन काटे पटाशीच्या धारेइतके अंतर ठेवून पक्के करतात आणि दोन्ही लाकडांवर गेज दर्शनी बाजूलाच टेकवून रेघा ओढतात. एका लाकडावर पुढून आणि दुसऱ्यावर मागून आखणी झाली, तर दोन्ही पृष्ठभाग एका पातळीत येत नाहीत. खांद्याची रेघ पेन्सिलीने न मारता चाकूने मारतात: पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या चिरेला ती जवळजवळ नसते आणि करवतीलाही त्या चिरेत आधार मिळतो. सांधा बिघडतो तो बहुतेक वेळा कापताना नव्हे, आखतानाच.

खोबण आधी करतात, कुसू नंतर. कारण कुसू तासून बारीक करता येते, सैल झालेली खोबण मात्र पुन्हा घट्ट करता येत नाही. चौकटीच्या कोपऱ्यातील खोबण पाडताना उभ्या लाकडाचे टोक २०-२५ मिमी जास्त ठेवतात, नाहीतर टोकाकडचे लाकूड फुटते. हा जादा तुकडा सांधा बसल्यावर कापून टाकतात. पटाशी खोबणीच्या मध्यापासून, धारेचा उतार मध्याकडे ठेवून, उभी मारतात आणि प्रत्येक घावाला थोडी मागे सरकवत, अधिक खोल जात टोकाकडे नेतात; मग पटाशी फिरवून दुसरी बाजू. टोकाच्या रेघेच्या दोन-तीन मिमी अलीकडेच थांबावे लागते, कारण भुसा व ढलप्या उचकटताना पटाशी ज्या कडेवर टेकते ती कड चेपते. ही चेपलेली पट्टी शेवटी नाजूक हाताने उभी छाटून टाकतात. आरपार खोबण दोन्ही तोंडांकडून निम्मी निम्मी पाडतात. गिरमिटाने आधी भोके पाडून मधले लाकूड काढण्याची रीतही रूढ आहे. ती कमी श्रमाची असली तरी भिंती सरळ करण्याचे काम त्यामुळे टळत नाही.

कुसू कापताना लाकूड तिरपे धरून टोकाच्या व जवळच्या कडेच्या अशा दोन रेघांवर एकदम करवत चालवतात, लाकूड उलटून दुसऱ्या कडेने तसेच करतात आणि मगच सरळ खाली खांद्यापर्यंत जातात. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालली पाहिजे. खांदे शेवटी कापतात. तयार कुसू हाताच्या दाबाने आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी आत गेले पाहिजे. जोराचे घाव घालावे लागले तर खोबणीच्या बाजू फाटतात.

सांधा पक्का करण्यासाठी सरस लावतात, पाचरी ठोकतात किंवा खुंटी मारतात. आरपार खोबणीचे बाहेरचे तोंड थोडे रुंद करून कुसवात दोन पाचरी ठोकल्या की ते फुलून अडकते. मात्र पाचरीचा दाब खोबणीच्या लांबीच्या टोकांवर यावा, बाजूच्या भिंतींवर नव्हे, नाहीतर लाकूड उभे चिरते. खुंटीच्या पद्धतीत कुसवातील खुंटीचे भोक खोबणीच्या भिंतींतील खुंटीच्या भोकापेक्षा सुमारे १ मिमी खांद्याकडे सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकताना ती खांद्याला लाकडावर ओढून घेते, म्हणून तेथे सरसाची गरज उरत नाही. ही खुंटी लाकूड करवतून न बनवता तंतूंच्या दिशेने फोडून बनवतात. तंतू तुटलेली खुंटी वाकण्याऐवजी मोडते. सरस न लावलेल्या अशा चौकटीच्या खुंट्या उलट बाजूने ठोकून काढल्या, की चौकट सुटी करून दुसरीकडे पुन्हा उभी करता येते.