पाच ग्रह आणि चौऱ्याऐंशी दांड्या

परवा ग्रुपवर फॉरवर्ड आलं, चीनच्या वाळवंटात जुनं कापड सापडलं आणि त्यावर म्हणे आजच्या पाच चांदण्यांच्या झेंड्याचं भाकीत विणलेलं आहे. कापड खरंय. १९९५ साली तकलामकान वाळवंटात निया इथल्या थडग्यात मिळालं, १८.५ बाय १२.५ सेंटिमीटरचा रेशमी तुकडा, धनुष्य चालवताना हाताला बांधायचा. वर आठ चिनी अक्षरं, अर्थ साधारण 'पाच तारे पूर्वेला उगवले की मध्य देशाचं, म्हणजे चीनचं, भलं'. हे तारे म्हणजे बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी, म्हणजे आपल्या पेपरातल्या राशिभविष्याचीच जात, फक्त राजदरबारातली. झेंडा १९४९चा, त्याचा इथे काय संबंध?

आणि या भाकिताच्या नादात विणीकडे कोणी बघतच नाही! नक्षी म्हटलं की लोकांना भरतकाम वाटतं, पण या नक्षीला सुई लागलेलीच नाही. पैठणीचा मोर आडव्या धाग्यांतून होतो, जिथे जो रंग हवा तिथे त्या रंगाची छोटी कांडी फिरवायची, म्हणून पैठणी उलटीकडूनही जवळपास तशीच दिसते. या कापडात, चिनी लोक अशा रंगीत विणीच्या रेशमाला 'जिन' म्हणतात, उलटा कारभार, सगळे रंग उभ्या धाग्यांत, ताण्यात. प्रत्येक जागी निळा, लाल, हिरवा, पिवळा, पांढरा असे पाच धागे शेजारी शेजारी, हवा तो वर ठेवायचा, उरलेले चार मागे. मग दोन थरांच्या मधून एक आडवा धागा जातो, तो समोरून दिसतच नाही, त्याच्यानंतरचा आडवा धागा साध्या खाली-वर विणीने सगळं बांधून ठेवतो, परत लपणारा, परत बांधणारा. एका सेंटिमीटरमध्ये सुमारे २२० उभे धागे, आपल्या नखाच्या रुंदीत मोजून बघा.

पण दर ओळीला कुठले धागे उचलायचे हे लक्षात कोण ठेवणार? माग ठेवतो. २०१२-१३ मध्ये चेंगदूजवळ लाओग्वानशानच्या थडग्यात मागाची चार लाकडी मॉडेल्स मिळाली, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली, सोबत विणकरांच्या लाकडी बाहुल्या. त्यावरून हांगझौच्या रेशीम संग्रहालयाने पूर्ण आकाराचा माग बांधला आणि २०१८ला हेच कापड परत विणलं. उभे धागे १०,४७०, म्हणजे पाचाने भागलं की २,०९४ जागा. नक्षीच्या दांड्या ८४ आणि साध्या विणीच्या दोन वेगळ्या. नक्षीची एक दांडी म्हणजे एक ओळ, त्या ओळीत जे धागे वर हवेत ते सगळे आधीच त्या दांडीला ओवलेले, दांडी उचलली की ते एकदम वर येतात. ८४ झाल्या की पुन्हा पहिली.

याला कोणी 'पहिला कॉम्प्युटर' म्हणतं. मेमरी म्हणा हवं तर, पण प्रोग्राम बदलायचा तर हजारो धागे पुन्हा ओवायला बसा! आणि एक धागा चुकीच्या दांडीत गेला की चूक एकदाच होत नाही, दर ८४ ओळींनी तीच चूक, अगदी त्याच जागी.