चाक कुठलं, सिंह कुठला

इंदूरच्या मराठी घरात जेवणाचं आमंत्रण कोणी टाळत नाही. रविवारी मामांनी 'आमच्या क्लबच्या मीटिंगला जेवायला ये' म्हटलं आणि मी गेलो. हॉटेलात दोन हॉल होते. पहिल्याच्या दारात बॅनर, टेबलावर घंटा, कोटांवर पिना आणि आतून दाल-बाफल्याचा वास. मी बसलो. दुसरा बाफला चुरून त्यावर तूप ओतल्यावर शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "भिया, कौनसे लायन के मेहमान हो?" मामा रोटरीवाले. शेजारच्या हॉलमध्ये ते माझी वाट बघत बसले होते.

"एवढा शिकलास आणि चाक नि सिंह कळत नाही?" मामा म्हणाले.

कळणार कसं? लायन्स आणि रोटरी, दोन्ही समाजसेवेच्या संस्था, दोन्ही शिकागोच्या. दोन्हीकडे १ जुलैला अध्यक्ष बदलतो, दोन्हीकडे अनेक क्लबांवर मिळून एक डिस्ट्रिक्ट गव्हर्नर. आणि सभासद कामाबद्दल बोलण्याआधी जेवतात, हेही दोन्हीकडे.

रोटरी थोरली. १९०५ साली पॉल हॅरिस नावाच्या वकिलानं तीन ओळखीच्यांना गोळा केलं. बैठक आळीपाळीनं एकेकाच्या ऑफिसात व्हायची, त्या फिरतीवरून 'रोटरी'. लायन्सचं बी मात्र जेवणाच्याच टेबलावर पडलं. मेल्विन जोन्स हा विमावाला व्यापाऱ्यांच्या एका लंच क्लबात होता. तिथे एकमेकांना धंदा मिळवून देणं एवढंच चालायचं. ही हुशारी गावाच्या उपयोगी का पडू नये, असं त्याला वाटलं, आणि १९१७ मध्ये लायन्स उभी राहिली.

पिनेकडे बघायचं हा सोपा उपाय. 'एल' अक्षराच्या दोन बाजूंना तोंडं करून दोन सिंह दिसले की लायन्स, दातेरी चाक दिसलं की रोटरी. त्या चाकाच्या मधल्या भोकाला एक खाच आहे. सुरुवातीच्या चाकाला ती नव्हती. खाचेत चावी, म्हणजे धातूची पाचर, बसली की चाक दांड्याला धरून फिरतं, नाहीतर नुसतं गरगरतं. आमचे आजोबा मिलमध्ये होते, त्यांना हे सांगायची गरज पडली नसती.

कामंही सरसकट सारखी नाहीत. १९२५ मध्ये स्वतः अंध आणि बधिर असलेल्या हेलन केलर यांनी अंधांसाठी लढायचं आवाहन केलं ते लायन्सच्या अधिवेशनात. तेव्हापासून डोळ्यांचं शिबिर म्हटलं की आधी लायन्स आठवतात. रोटरीनं १९८५ मध्ये पोलिओ हाती घेतला. भारतातला शेवटचा रुग्ण २०११ चा, आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. हा विषय निघाला की मामांचं जेवण थंड होतं. अर्थात रोटरीही डोळ्यांची शिबिरं घेते, त्यामुळे नुसत्या शिबिरावरून पैज लावू नका.

खरी ओळख पटते ती जेवताना. लायन्समध्ये टेल ट्विस्टर नावाचा पदाधिकारी असतो, म्हणजे शब्दशः शेपूट पिरगळणारा. उशिरा आलात, पिन विसरलात, मुलाचं लग्न ठरलं, कशालाही तो दंड लावतो. त्याला स्वतःला दंड करायचा तर हजर असलेल्या सगळ्यांचं एकमत लागतं. आता पंचवीस माणसांचं एकमत इंदुरात पोह्यांवर जीरावन मसाला किती, यावरसुद्धा होत नाही, म्हणजे हा माणूस कायमचा सुरक्षित. रोटरीत शिस्त बघतो तो सार्जंट-ॲट-आर्म्स. नाव भारदस्त, पण दंडाचा डबा तिकडेही फिरतोच.

रोटरीची आणखी एक खूण म्हणजे चार प्रश्नांची कसोटी: हे खरं आहे का, सर्वांना न्याय्य आहे का, त्यानं सद्भाव आणि मैत्री वाढेल का, सर्वांचं भलं होईल का? हर्बर्ट टेलरनं ती १९३० च्या दशकात लिहिली, डबघाईला आलेल्या भांड्यांच्या कंपनीसाठी. त्यामुळे ताटालाही ती चालते. मी धावत मामांच्या हॉलमध्ये पोचलो तेव्हा टेबलावर एकच लाडू उरला होता. मामांनी चारही प्रश्न मोठ्यानं म्हटले, दुसऱ्यावर जरा अडखळले आणि लाडू खाल्ला.

त्यानंतर डबा आला. भाचा दुसऱ्याच्या पंगतीत जेवून आला म्हणून मामांना पन्नास रुपये दंड. मामांनी पाकिटाला हातही न लावता माझ्याकडे बघितलं.