टेबलं भिंतीला सरकतात तेव्हा : न्यूयॉर्कच्या साल्सा-रात्रीची पार्श्वभूमी

न्यूयॉर्कमधल्या साल्साच्या, म्हणजे क्यूबन मुळाच्या नाच-गाण्याच्या, रेस्टॉरंटात रात्र थोडी चढली की मधली टेबलं भिंतीला सरकवतात. तोवर नवख्यांचा तासाभराचा क्लास होऊन गेलेला असतो, काहींचं जेवण अजून चाललेलं असतं, आणि कोपऱ्यात वादक कोंगा, म्हणजे हाताने वाजवायचे उंच ढोल, सुरात लावत बसलेले असतात. बँड सुरू झाला की पलीकडच्या टेबलावरचं कुणीतरी अनोळखी माणूस येऊन हात पुढे करतं. एक गाणं, फार तर दोन गाणी एकत्र नाचायची, आभार मानायचे आणि आपल्या थंड झालेल्या भाताकडे परत यायचं. ही रीत कुठून आली हे शोधत गेलं की वाट क्यूबातल्या उसाच्या मळ्यांपासून न्यूयॉर्कच्या महापालिकेपर्यंत जाते.

आधी महापालिकेबद्दल, कारण ते फारसं कुणाला ठाऊक नसतं. १९२६ साली या शहराने ‘कॅबरे लॉ’ नावाचा कायदा केला. जिथे खाद्यपदार्थ किंवा पेयं विकली जातात, तिथे गिऱ्हाइकांना नाचू द्यायचं असेल तर वेगळा परवाना लागेल, असं त्यात होतं. हार्लेमच्या जॅझ क्लबांत गोरे आणि काळे एकत्र नाचत आणि तेच कायदा करणाऱ्यांना खुपत होतं, असं अनेक अभ्यासक मानतात. पुढे बरीच वर्षं परवाना नसलेल्या जागेत तीनच वादक बसवायची मुभा होती, तीही पियानो, ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन आणि तंतुवाद्यांपुरती. ढोलवाद्यं आणि ट्रम्पेट वर्ज्य. म्हणजे लॅटिन बँडचा कणाच बाहेर. हा कायदा रद्द झाला २०१७ मध्ये! मधली ९१ वर्षं टेबल आणि नाचाची जागा शेजारी शेजारी ठेवणं ही परवान्याची बाब होती. आज कुणी बेफिकीरपणे खुर्ची मागे सारून उठतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

नाचाचं मूळ पूर्व क्यूबात आहे. तिथल्या ‘सोन’ या गाण्यात स्पॅनिश तंतुवाद्यं आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकनांचे ताल एकजीव झाले. त्याचा आधार म्हणजे क्लाव्हे : दोन लाकडी दांडक्या एकमेकींवर आपटून तालाच्या दोन आवर्तनांत वाजवलेले पाच ठोके, तीन आणि दोन, किंवा उलट दोन आणि तीन. आपल्याला समेवर येऊन विसावायची सवय आहे. क्लाव्हेत तसं एकच विसाव्याचं ठिकाण नाही, पाचही ठोके मिळून चौकट होते आणि बाकी सगळी वाद्यं तिच्यात बसतात. लहानपणीच दृष्टी गेलेला आर्सेनिओ रॉड्रिगेझ हा त्रेस या क्यूबन गिटारीचा वादक १९४० च्या दशकात हवानात या संगीताला भारदस्त करून गेला. त्याने सोनच्या ताफ्यात कोंगा, पियानो आणि एकाहून अधिक ट्रम्पेटं आणली. आजचा साल्सा बँड ज्या ठेवणीत बसतो ती बरीचशी त्याची आहे.

हे संगीत न्यूयॉर्कमध्ये रुजलं ते मुख्यतः पोर्तो रिकोच्या माणसांमुळे. १९१७ मध्ये त्या बेटावरच्यांना अमेरिकी नागरिकत्व मिळालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं भरभरून माणसं आली. ती ईस्ट हार्लेममध्ये, म्हणजे त्यांच्या ‘एल बारिओ’त, आणि ब्राँक्समध्ये राहिली. कपड्यांच्या कारखान्यांत, हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत राबली. त्यांच्याबरोबर आलेल्या सणासुदीच्या भातात, आरोस कोन गांदुलेसमध्ये, जे दाणे असतात ते चक्क आपल्या तुरीचे. तूर मुळात भारतातली. इथून ती आफ्रिकेत गेली आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर कॅरिबियनमध्ये पोहोचली. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी खाणाऱ्या वैदर्भीय माणसाला या ताटात घरचा दाणा सापडेल. या साऱ्या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती हीच गोष्ट, आणि ती त्या दाण्याच्या प्रवासामुळे तितकीच जड वाटते.

ब्रॉडवे आणि ५३ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिना चढून गेलं की पॅलेडियम बॉलरूम लागायचं. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे मांबोचं, म्हणजे क्यूबन तालावरच्या जोशपूर्ण नाचाचं, राज्य होतं. माचितो, तितो पुएंते आणि तितो रॉड्रिगेझ हे तिथले तीन मोठे बँडप्रमुख. माचितोचा ताफा १९४० चा. त्याचा मेहुणा मारिओ बाऊसा आधी कृष्णवर्णीयांच्या नामांकित जॅझ बँडांत ट्रम्पेट वाजवून आलेला होता, म्हणून त्या ताफ्यात क्यूबन ताल आणि जॅझची सुरावट एकत्र नांदली. बुधवारी ‘किलर जो’ पिरो आधी मांबो शिकवायचा, मग नाचणाऱ्यांचे कार्यक्रम व्हायचे. आधी क्लास आणि मग नाच, हा आजचा शिरस्ता तिथे पक्का दिसतो. नावाजलेल्या जोडीतला ‘क्यूबन पीट’ म्हणजे पेड्रो अगिलार प्रत्यक्षात पोर्तो रिकन, आणि त्याची जोडीदार मिली डोने इटालियन वंशाची. ज्यू, इटालियन, काळे, पोर्तो रिकन एकाच फरशीवर नाचत. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा बसमधल्या जागाही रंगावरून ठरत होत्या, हे ध्यानात घेतलं म्हणजे त्या जिन्याचं मोल कळतं. १९६१ मध्ये पोलिसांच्या धाडीनंतर पॅलेडियमचा दारूचा परवाना गेला आणि १९६६ मध्ये ते बंद पडलं.

त्याच सुमाराला क्यूबाचं दार लागलं. १९६१ मध्ये अमेरिकेने संबंध तोडले, १९६२ मध्ये व्यापारबंदी आली. हवानाहून नवे बँड येणं थांबलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या पोरांनी जुन्या सोनला आपल्या गल्लीचा खरखरीत आवाज दिला. १९६४ मध्ये डॉमिनिकन वादक जॉनी पाचेको आणि वकील जेरी मासुची यांनी फानिया ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. २६ ऑगस्ट १९७१ ला ‘चीता’ क्लबमध्ये तिच्या कलाकारांची मैफल झाली आणि त्यानंतर ‘साल्सा’ हे नाव सर्वदूर गेलं. साल्सा म्हणजे रस्सा, चटणी. स्वयंपाकघरातला हा शब्द गाण्यात आधीच होता : इग्नासिओ पिन्येइरोच्या १९३३ च्या ‘एचाले साल्सिता’ची गोष्ट रस्त्यावरच्या सॉसेजभोवती फिरते. तितो पुएंतेला मात्र हे नाव शेवटपर्यंत रुचलं नाही, कारण त्याच्या लेखी हे सगळं क्यूबाचंच संगीत होतं. मला त्याचं म्हणणं पटतं. पण फानियाच्या तबकड्यांतला ब्राँक्सचा राग आणि उमेद हवानात जन्मली नसती, हेही तितकंच खरं.

न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या मात्रेवर दिशा बदलतात, त्याला ‘ऑन टू’ म्हणतात. एडी टॉरेसने ही पद्धत आकड्यांत मांडून शिकवली आणि ती जगभर गेली. लॉस एंजेलिसचा नाच पहिल्या मात्रेवर वळतो. कोंगाची कोरडी थाप दुसऱ्या मात्रेवर पडते. ती ऐकू आली की पाय आपोआप तिकडे ओढला जातो, आणि पाऊल नेमकं कधी टाकायचं ही मुंबई-पुण्यात साल्सा शिकणाऱ्यांची जी पहिली अडचण असते ती बहुतेक इथेच सुटते.

बँड विश्रांतीला गेला की आता बाचाता लागते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये हुकूमशहा त्रुहियोची १९६१ मध्ये हत्या झाली, त्यानंतर हे गिटारवरचं विरहगीत ध्वनिमुद्रित होऊ लागलं. तरी प्रतिष्ठित घरांत ते वाजत नसे, ते गुत्त्यांचं आणि मोलकरणींचं गाणं समजलं जाई. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद केली. तोवर न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स वस्तीतल्या डॉमिनिकन कुटुंबांनी ते शहराच्या रात्रीत कधीच आणून सोडलं होतं.