भिजणारे, फुटणारे, चोरीला जाणारे डबे : जिओकॅशमालकाच्या जबाबदारीची पार्श्वभूमी

जिओकॅशिंग या खेळात एक खेळाडू कुठेतरी डबा, म्हणजे जिओकॅश, लपवतो, त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर जाहीर करतो आणि बाकीचे खेळाडू जीपीएसच्या आधारे तो शोधून आतल्या वहीत आपले नाव लिहून येतात. डबा लपवणाऱ्याला मालक म्हणायची पद्धत आहे, पण ही मालकी जरा विचित्रच म्हणावी लागेल. वस्तू आपली, जागा बहुधा दुसऱ्याची, पत्ता जगजाहीर आणि राखण करायला कोणी नाही. असा डबा आज ना उद्या भिजणार, फुटणार किंवा उचलला जाणार, हे उघड आहे. तरीही मालकाने त्याबाबत नेमके काय करायचे, हे ठरायला बरीच वर्षे गेली. आज मालकांवर जी बंधने आहेत, त्यांतली बरीचशी कोणत्या ना कोणत्या नुकसानीनंतर आलेली आहेत.

या खेळाचा पूर्वज इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानावर सापडतो. चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमियर पूल या दलदलीतल्या आडजागी एक बाटली ठेवली. तिथवर चालत जाणाऱ्याने आपले भेटकार्ड तीत टाकावे, एवढीच अपेक्षा होती. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली, कार्डांच्या जागी वही आणि रबरी शिक्का आला, आणि लेटरबॉक्सिंग नावाची प्रथाच पडली. तिथली वाट अवघड होती, आणि तेच त्या बाटलीचे संरक्षण होते.

जीपीएसने नेमके हेच संरक्षण काढून घेतले. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नागरी वापराच्या जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळली जाणारी चूक बंद करण्याची घोषणा केली. त्यामुळे आधी शंभरेक मीटरने चुकणारे साधे यंत्र एकदम दहा-वीस मीटरपर्यंत नेऊन सोडू लागले. ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याचा हवाबंद डबा होता. काही घ्या, काही ठेवा आणि वहीत लिहा, एवढाच नियम होता. काही दिवसांतच माइक टीग यांनी ती बादली सर्वप्रथम शोधली, इतरांनी आपापले डबे लपवले, आणि २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केले तेव्हा तिथे ७५ जिओकॅशची नोंद होती.

उल्मर यांच्या त्या नियमात मालकाच्या कर्तव्याचा उल्लेखही नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. बादली ठेवली की ठेवणाऱ्याचे काम संपले, असा एकूण भाव होता. शिवाय ती बादली आजच्या नियमांत मुळीच बसली नसती, कारण ती जमिनीत पुरलेली होती आणि तीत खाण्याची वस्तू होती. मूळ बादली टिकली नाही. २००३ मध्ये खेळाडूंनीच पुढाकार घेऊन त्या जागी स्मृतिफलक बसवला. घेवड्याचा तो डबा मात्र पुढे सापडला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांतून मानाने मिरवलाही गेला. खेळातल्या पहिल्याच जिओकॅशच्या वाट्याला हे आले, तर पुढच्यांची कथा वेगळी होण्याचे कारण नव्हते.

पहिला शत्रू चोर नव्हता, पाणी होते. सुरुवातीच्या मालकांनी लष्करी दारूगोळ्याच्या जुन्या पत्र्याच्या पेट्या पसंत केल्या, कारण त्यांच्या झाकणाला आतून जाड रबरी पट्टी असते आणि बाहेरची कडी खाली दाबली की झाकण त्या पट्टीवर घट्ट बसते. अशी पेटी पावसाबर्फात वर्षानुवर्षे कोरडी राहते. मात्र शोधणाऱ्याने कडी नीट दाबली पाहिजे, आणि पट्टी व काठ यांच्यात गवताची काडी किंवा पिशवीचे टोक अडकता कामा नये. एवढ्याशा फटीतून ओल आत शिरते, वहीचा लगदा होतो आणि आतल्या वस्तूंना बुरशी चढते. म्हणजे पुष्कळदा डबा बिघडवणारा कोणी वाईट हेतूचा माणूस नसून घाईतला खेळाडूच असतो. खाण्याच्या किंवा वासाच्या वस्तू आत ठेवू नयेत, हा नियमही असाच आला. जनावरांचे नाक तीक्ष्ण असते आणि प्लॅस्टिक त्यांच्या दातांपुढे टिकत नाही.

पेट्या महाग आणि अवजड पडतात, म्हणून कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी लोकप्रिय झाली. काळ्या डबीच्या करड्या झाकणातून पाणी झिरपते, त्या मानाने आत बसणाऱ्या झाकणाची पारदर्शक डबी बरी, हा मालकांचा अनुभव आहे. पुढे डिजिटल कॅमेरे आले आणि फुकट मिळणाऱ्या या डब्यांचा पुरवठाच आटला. त्यांच्या जागी शीतपेयाच्या बाटल्या फुगवण्याआधीच्या जाड नळ्या, चार बाजूंनी बंद होणारे स्वयंपाकघरातले डबे आणि बोटाच्या टोकाएवढ्या चुंबकी डब्या आल्या. जाणकार मालक आजही पाठपिशवीत कोऱ्या नोंदपट्ट्या आणि एखादा जादा डबा घेऊनच आपल्या जिओकॅशची फेरी मारतो.

चोरीचा प्रश्न मात्र वेगळ्या जातीचा आहे. खेळाबाहेरच्या माणसाला इथे मगल म्हणतात. त्याने कुतूहलाने किंवा कचरा समजून डबा उचलला, तर त्यावर उपाय आहे: लपवण्याची जागा सुधारायची आणि डब्यावर ही काय वस्तू आहे ते ठळक लिहायचे. ज्याला संकेतस्थळावरून पत्ता मिळतो आणि जो मुद्दाम डबे गोळा करत सुटतो, त्याच्यापुढे हे दोन्ही उपाय लुळे पडतात. अशा मंडळींचा उपद्रव खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांतच जाणवू लागला. काही मालकांनी आपल्या जिओकॅशचा पत्ता फक्त वर्गणी भरणाऱ्या सदस्यांना दिसेल अशी सोय वापरली, काहींनी तो कोड्याच्या उत्तरात दडवला. दोन्हींमुळे चोरी थांबत नाही, पण चोराला थोडे कष्ट पडतात, आणि आळशी चोर बहुधा तिथूनच परततो.

प्रसिद्धी हीच कशी धोक्याची ठरते, याचे उत्तम उदाहरण वॉशिंग्टन राज्यात घडले. २००१ मध्ये ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी जगभर मोजक्या जागी खास पेट्या लपवल्या गेल्या आणि त्यांत चित्रपटातल्या वस्तू ठेवल्या गेल्या. बहुतेक पेट्या काही वर्षांतच गेल्या. फार थोड्या उरल्या, त्यांतली एक ब्राझीलमध्ये आणि एक स्नोक्वाल्मी खिंडीजवळ. या दुसऱ्या पेटीपर्यंत जाण्यासाठी बंद पडलेल्या रेल्वेमार्गाचा सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीचा अंधारा बोगदा पार करून जायची रीत होती, आणि त्या बोगद्यातून चालण्यासाठीच लोक दुरून येत. २०११ च्या जूनमध्ये ती पेटी नाहीशी झाली आणि संकेतस्थळावरची तिची नोंद बंद करण्यात आली. तिथे नवी पेटी ठेवून नोंद चालू का ठेवू नये, असे अनेकांना वाटले. इतरांच्या मते पेटी गेली तिथे तो इतिहासही संपला. अखेर २०१६ मध्ये ती नोंद पुन्हा जिवंत झाली. माझ्या मते पहिल्या गटाचे म्हणणे अधिक सरळ होते, कारण खेळाडू चालत जात ते पेटीतल्या रबरी मुखवट्यांसाठी नव्हे.

हाच वाद छोट्या प्रमाणावर रोज होतो. डबा सापडला नाही की काही खेळाडू तो गेलाच असावा असे गृहीत धरून खिशातली डबी तिथे टाकतात आणि सापडल्याची नोंद करतात. मूळ डबा जागेवरच असेल तर एका जागी दोन डबे होतात आणि मालकाच्या डोक्याला ताप होतो. म्हणून ही पद्धत अमान्य आहे. मात्र नेवाडातील ३७५ क्रमांकाच्या महामार्गावर २०१० मध्ये हजाराहून अधिक डब्या ओळीने ठेवल्या गेल्या, तेव्हा हरवलेल्या डबीच्या जागी शोधणाऱ्यानेच नवी ठेवावी हा तिथला उघड रिवाज झाला. एवढ्या डब्यांची देखभाल एकट्यादुकट्या मालकाच्या आवाक्यातली नसते, हे त्यामागचे खरे कारण होते. २०११ मध्ये राज्याच्या वाहतूक विभागाने रस्त्याच्या सुरक्षेचा मुद्दा काढला आणि ती रांग उठवावी लागली. पुढे ती नव्याने मांडली गेली.

कधी कधी डबा सरकारी यंत्रणाच नष्ट करते. २०११ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात एका खाद्यगृहाबाहेरची संशयास्पद डबी लष्कराच्या बॉम्बनाशक पथकाने उडवून दिली. ती जिओकॅश निघाली. तेव्हापासून शहरी भागात जागेच्या धन्याची परवानगी आणि डब्यावरची ओळख यांचा आग्रह अधिक कडक झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत तर परवानगीवाचून ठेवलेला डबा बेवारस वस्तूत मोडतो आणि रक्षक तो उचलू शकतात. अशा जागांसाठी डब्याविना खेळण्याचे प्रकार निघाले. त्यांतला अर्थकॅश हा प्रकार २००४ मध्ये अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या सहभागाने सुरू झाला. त्यात खडक, दरी किंवा झरा पाहून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतात, त्यामुळे चोरीला जाण्यासारखे तिथे काहीच नसते.

२०१० च्या मार्चमध्ये चालू जिओकॅशची संख्या दहा लाखांवर गेली आणि मालकांच्या सौजन्यावर सगळे सोपवून चालेनासे झाले. आता शोधणारा न सापडल्याची नोंद करू शकतो, डब्याकडे मालकाने लक्ष द्यावे असे कळवू शकतो, आणि त्याने काही होत नसेल तर संकेतस्थळाच्या स्वयंसेवक परीक्षकाला बोलावू शकतो. या नोंदी आणि शोधाची काठिण्यपातळी मिळून संगणक प्रत्येक जिओकॅशच्या प्रकृतीला गुण देतो. ते फार घसरले की मालकाला निरोप जातो. नोंद तात्पुरती स्थगित करून दुरुस्तीसाठी साधारणपणे चार आठवडे दिले जातात. ज्याला ते जमणार नाही, त्याने आपला डबा दुसऱ्या खेळाडूला दत्तक द्यावा, अशीही सोय आहे. दोन्ही झाले नाही तर परीक्षक नोंद कायमची बंद करतात आणि ती जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर लागत असल्याने मोकळ्या जागेला गजबजलेल्या शहरात मागणीही असते. मात्र बंद झालेल्या जिओकॅशचे फुटके तुकडे जाऊन उचलून आणणे, हे काम तेव्हाही मालकाकडेच राहते.